फुटलेला ठ

नाना, तुमच्या शोकसभेत 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द सात वेळा आला. मी मोजत होते, कारण दुसरं काही करवत नव्हतं. त्यातल्या पाच वेळा तो संस्थेच्या अध्यक्षांच्या तोंडून आला. मी दहावीत असताना मला शाळेतून काढायला निघालेले तेच हे अध्यक्ष. तुमच्या फोटोला हार घालायला ते उठले, तेव्हा त्यांच्या चपला शिपायाने वाकून बाजूला सरकवल्या. तुम्ही असतात तर मोठ्याने विचारलं असतं, "चपला कुणाच्या आहेत भो?" आणि सभा हसली असती. परवा कुणी हसलं नाही.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, रावेरची केळीची शेती भावांवर सोडून तुम्ही मास्तरकी का धरली, हे बाकीच्यांनी सांगितलं. छापूनही येईल. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते तुम्ही अर्धं टाकून गेलात, आणि अर्धं टाकलेलं काम तुमच्या तासाला कधी चालत नव्हतं.

हे वाचणाऱ्यांना भांडण कळायचं तर आधी शाळा सांगावी लागेल. नशिराबादच्या पुढे, महामार्ग सोडून आत. पाटीवर 'इंटरनॅशनल', कारण नैरोबी, मस्कत, काठमांडू इथून पोरं आलेली. आईबाप तिकडे कामाधंद्याला, पोरं इकडे वसतिगृहात. जोडीला जळगावच्या दुकानदारांची पोरं. आणि मी. मी इंटरनॅशनल कशी झाले? माझी आई त्या वसतिगृहात झाडलोट करायची आणि संडास धुवायची. तुम्ही संस्थेशी भांडून कामगारांच्या मुलांसाठी जागा मिळवल्यात, त्यातली पहिली मी. पाचवीला आत आले. आई धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी. फाटकाशी माझी वेणी नीट करत ती म्हणाली, "तू पाव्हनी नही शे. तुन्हं घर शे असं समजीसन राह्य." मग ती मागच्या दाराने कामाला गेली आणि मी पुढच्या दाराने वर्गात.

दुपारच्या जेवणानंतर तुमचा कामाचा तास. माहितीपत्रकात त्याला 'लाइफ स्किल्स' म्हटलेलं होतं. तुमच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. पाहुणे विचारायचे, म्हणजे नक्की काय शिकवता? तुम्ही म्हणायचात, "जगताना जे अडतं ते." बटण लावणं, फ्यूज बांधणं, पोस्टात जाऊन तार करणं, डाळ निवडणं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना त्याचा हात न धरता त्याला आपला हात धरू देणं. हे शेवटचं तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पहूरचा दिवस मी विसरणार नाही. आम्ही सातवीत. शाळेच्या जीपने तुम्ही आम्हा सहा जणांना पहूरच्या एसटी स्टँडवर सोडलंत, तिकिटापुरते पैसे हातावर ठेवलेत आणि म्हणालात, "संध्याकाळच्या प्रार्थनेला भेटू." जीप गेली. नैरोबीच्या निखिलला इंग्रजी येत होतं, गुजराती येत होतं, एसटीची पाटी वाचता येत नव्हती. तोच पुढे झाला. चौकशीच्या खिडकीशी अदबीने उभा राहून इंग्रजीत बोलला. आतल्या आबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोन्या गावचा रे भाऊ?"

"नैरोबी."

"नेरीची गाडी गेली. आता पाचला."

नेरी हे जळगावच्या वाटेवरचं गाव. आम्ही पोट धरून हसलो आणि निखिलचं नाव दहावीपर्यंत 'नेरी' राहिलं. शेवटी मी खिडकीशी गेले, जळगावची गाडी विचारली, सगळ्यांना चढवलं. संध्याकाळी तुम्ही सगळ्यांची पाठ थोपटलीत. मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, आता माझं जास्त कौतुक. तुम्ही विचारलंत, "पाटी तुला पहिल्यापासून वाचता येत होती. मग अर्धा तास गप्प का बसली होतीस?"

याचं उत्तर मला आज येतं. ज्या घरातली मी, तिथे पुढे होऊन बोलायची सवय नव्हती, विचारलं तर सांगायची होती. तुम्ही म्हणालात, "भाकरी, सांधणं, शिवणं तुला येतं. ते मी काय शिकवणार? तुझं काम हे. बोलायचं. आणि नुसतं तोंडाने नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ऑफिसशेजारच्या खोलीत सायक्लोस्टाइल मशीनपुढे बसवलंत. शाळेचं वार्तापत्र तिथे निघायचं. निळसर मेणकागद, लोखंडी टोकाची लेखणी, शाईचा रोलर, आणि चूक झाली तर लावायचं ते लाल औषध, ज्याचा वास नेलपॉलिशसारखा येई. तुमचा नियम एकच. दाबून लिही, पण फाटू देऊ नकोस. हलक्या हाताने लिहिलं तर शाई उतरत नाही. जास्त दाबलं तर गोलवाली अक्षरं फुटतात. ब, व, आणि सगळ्यांत आधी ठ. ठ चं पोट गळून पडतं, आणि कागदावर त्या जागी काळा ठिपका येतो. "रागात ठ लिहायचा नाही," तुम्ही म्हणायचात. मी रागातच असायची. माझे ठ फुटायचे.

आता भांडण.

नववीत असताना तुम्ही कामाच्या तासात संडास आणलेत. शनिवारी वसतिगृहाचे संडास मुलंमुली धुणार, मास्तर धुणार, तुम्ही धुणार. मस्कतहून एका बापाचं पत्र आलं की मुलाला यासाठी पाठवलेलं नाही. तुम्ही उलट टपाली विचारलंत, मुलगा घरी संडासला जातो ना? पहिल्या शनिवारी तुम्ही सगळ्यांना ओळीने उभं केलंत आणि माझ्या आईला पुढे बोलावलंत. "या अक्का. आज या शिकवणार. नीट पाहा." आईने पदर खोचला. पहिल्यांदा लाजली, मग विसरली. खराटा कसा धरायचा, पाणी कुठून सोडायचं, हे तिने दाखवलं आणि मस्कतच्या पोराच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "कोपरा पहिले. मझारलं कोनबी करस." मधलं काय, कुणीही करतं. पोरं मान डोलवत होती. मी मागे उभी होते आणि माझे कान तापले होते. लाज किती आणि अभिमान किती, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. आताही येईलसं वाटत नाही.

मग पाळीचा तक्ता लागला. व्हरांड्यातल्या भिंतीवर, महिन्याभराचा. स्वयंपाकघरात माझं नाव, बागेत माझं नाव, वार्तापत्रात माझं नाव. संडासाच्या रांगेत नाही. आजारी मुलांची तेवढी नावं तुम्ही वगळत होतात. काठमांडूची प्रेरणा माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. तिने तक्ता वाचला आणि काळजीने विचारलं, "तू आजारी आहेस का?" मी काही बोलायच्या आत जळगावच्या एका मुलाने तिला माझी जात सांगून कारण समजावलं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नुसती माहिती होती. पाचवीपासून चार वर्षं जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ते त्या दिवशी सगळ्या व्हरांड्याला माहीत झालं.

मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही फ्यूजची तार सोलत होतात.

"नाना, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं नाही."

"का?"

"तुझ्या आजीनं गावकीची कामं केली. तुझी आई अजून हेच करते. ह्या पोरांना हे शिकायची गरज आहे. तुला काय शिकवू मी त्यातून?"

"मला शिकवू नका. नाव लिहा."

"पोरी, तेवढं एक माझ्या हातून होणार नाही."

"तक्ता भिंतीवर आहे नाना. सगळे वाचतात. मोकळी जागासुद्धा वाचतात."

तुम्ही तार खाली ठेवलीत. मला वाटलं, पटलं. मग तुम्ही म्हणालात, "वाचू देत." आणि पुन्हा तार उचललीत.

आई तुमच्या बाजूची निघाली. तिला सांगितलं तेव्हा तिने हातातली बादली आपटली. "मी बठ्ठं झाडीसन तुले आठे बसाडं, आन तू झाडू मांगस?" सगळं झाडून तुला इथे बसवलं, आणि तू झाडू मागतेस? तुम्ही दोघं मिळून माझ्यावर दया करत होतात आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. दया म्हटलं की मला आजही झिणझिण्या येतात. रीतसर अन्यायाशी लढता येतं, त्याच्यावर पत्रक काढता येतं. दयेवर पत्रक काढणं अवघड.

तरी मी काढलं. दहावीत, पालकसभेच्या आदल्या रविवारी, तुम्हीच शिकवलेल्या मशीनवर, शाळेच्याच शाईत. मथळा: 'प्रतिष्ठा कुणाची, श्रम कुणाचे?' मजकूर आज वाचवत नाही इतका तिखट. गरिबाचं काम श्रीमंत पोरांनी तासभर केलं की त्याची प्रतिष्ठा होते आणि जन्मभर करणारीला चहासुद्धा वेगळ्या कपात मिळतो, असं त्यात होतं. कपाचं खरं होतं. ते तुम्हाला माहीत नव्हतं हेही खरं होतं, पण मी ते लिहिलं नाही. तुमचं नाव घेऊन लिहिलं की नाना समता शिकवतात आणि तक्त्यात जात पाळतात. सभेच्या दिवशी मेसच्या दाराशी उभी राहून पालकांना वाटलं.

तुम्ही माझ्या हातून एक घेतलंत. उभ्या उभ्या पूर्ण वाचलंत, पाठीमागे काही आहे का तेही पाहिलंत. मी तयारीत होते. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "ठ फुटलाय."

खरंच फुटला होता. 'प्रतिष्ठा'मध्ये, मथळ्यातच, प्रत्येक कागदावर काळा ठिपका.

अध्यक्षांनी मला काढायला सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, हे कामाच्या तासाचं काम आहे, मला मार्क द्यायचे आहेत. दिलेत. दहापैकी सहा. वेगळा कपही त्यानंतर गेला. कसा गेला ते आईने नंतर सांगितलं. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन त्या कपात चहा मागितलात, प्यायलात, आणि तिथून पुढे रोज त्यातच मागत राहिलात, इतके दिवस की आचाऱ्याला कुठला कप कुणाचा हे सांगता येईना. तक्ता मात्र बदलला नाही. मी शाळा सोडली त्या महिन्यापर्यंत संडासाच्या रांगेत माझं नाव आलं नाही.

पुढे मी धुळ्याला कॉलेजात गेले, संघटनेत पडले. आमची पत्रकं निघायला लागली, केळीच्या पॅकिंगवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायांना संडासची सोय नाही याच्यावर, पाण्याच्या टाक्यांवर. प्रत्येक पत्रक मी तुम्हाला पोस्टाने पाठवत होते. चिडून पाठवत होते, बघा म्हणून. आठवड्याने ते परत यायचं, लाल पेन्सिलने भरलेलं. 'मुद्दा तीनदा आला.' 'मागणी शेवटी नको, वर घे.' 'हे वाचून रावेरच्या माझ्या भावाला राग येईल. यायलाच हवा. पण त्याने शेवटपर्यंत वाचलं पाहिजे.' माझ्या संघटनेतल्यांना वाटायचं, मला पत्रकं चांगली जमतात. त्यांना लाल पेन्सिल माहीत नव्हती. आता सांगते.

तक्त्याचा विषय त्या कागदांवर ना तुम्ही काढलात, ना मी. मग गेल्या पावसाळ्यात तुमचं कार्ड आलं. 'आता इथल्या पोरांना अर्ज आणि पत्रक लिहायला कुणीतरी शिकवलं पाहिजे. माझे हात थरथरतात, ठ मलाच जमत नाही. एका शनिवारी ये.' मी उलट टपाली एक ओळ लिहिली: आधी चूक कबूल करा. तुमचंही एका ओळीचं उत्तर आलं. 'कबुली मागायला तरी ये.'

मी आले नाही. मोर्चा होता, मग बैठक होती, मग दुसरा मोर्चा. कारणं खरी होती. पण नाना, शनिवार बरेच असतात.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते. दिवाळीनंतर धुळ्यात आम्ही मुलींचं शिबिर घेतलं, चार दिवसांचं. कामाची वाटणी मी केली. भिंतीवर तक्ता लावला. सवयच ती तुमची. दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम नावाची मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचे आईवडील नगरपालिकेत सफाईला.

"ताई, मी आजारी दिसते का?"

"का गं?"

"संडासच्या पाळीत माझं नाव नाही. बाकी सगळ्यांचं आहे."

मी तक्त्याकडे पाहिलं. मी ते जाणूनबुजून केलं होतं असंही म्हणवत नाही. नावं लिहिताना तिच्या नावाशी हात आपोआप वर उचलला गेला होता. मला भरून आलं होतं, तेवढं आठवतं. घरी तेच पाहते बिचारी, इथे तरी नको. बिचारी. माझ्या मनात हाच शब्द आला होता, नाना. तुमच्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हा कळलं. आणि भाषण तोंडाशी आलं, पिढ्यानपिढ्याचं, तुमचंच, शब्दाला शब्द. मी ते गिळलं आणि जे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत ते तिला विचारलं. "तुला कुठे लिहू?"

पूनम म्हणाली, "संडासलाच लिहा. भाजी निवडायचा मला कंटाळा येतो. हे पटकन होतं."

एवढंच होतं. तुम्ही सहा-सात वर्षं आणि मी सहा-सात वर्षं ज्याच्यावरून अडून बसलो, ते एवढंच. त्या दुपारी मी तुम्हाला आंतर्देशीय लिहिलं. 'नाना, माझाही ठ फुटला.' पुढे पूनमची सगळी हकिगत. चिकटवलं, पत्ता घातला. टाकलं नाही. वाटलं, आधी त्यांनी म्हणू दे. मी लहान आहे, आणि माझंच खरं होतं.

अजूनही माझंच खरं होतं. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही. तुम्ही मला विचारायला हवं होतं. पण चुकण्यामागे तुमचं काय होतं, ते आता मला आतून माहीत आहे, आणि हे तुम्हाला माहीत नसताना तुम्ही गेलात. पत्र अजून माझ्या पिशवीत आहे. घडीवर शाई पुसट झाली आहे.

परवाच्या सभेत शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की नव्या वर्षापासून कामाच्या तासाला संगणक येणार. तुमच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा 'श्रमप्रतिष्ठा दिन' पाळला जाईल. टाळ्या झाल्या. जे तुम्ही रोज केलंत त्याला त्यांनी हार घालून भिंतीवर टांगलं. याच्यावर पत्रक निघेल नाना, काळजी करू नका. मागणी वर घेईन.

लोक चहाला गेले. मी आणि आई व्हरांड्यात आलो. तक्ता तिथेच होता, याच महिन्याचा, तुमच्या थरथरत्या अक्षरातला. त्या दिवशी शनिवार. संडासाच्या रांगेत आठ नावं आणि शेवटी 'नाना'. मुलांना सभेमुळे सुट्टी दिलेली. तुमचं नाव कुणी खोडलं नव्हतं. मीही खोडलं नाही. त्याच्यापुढे अध्यक्षांचं नाव लिहिलं, आडनावासकट. त्याखाली माझं. दाबून, पण फाटणार नाही असं.

अध्यक्षांची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मी ओढणी कमरेला बांधली, खराटा घेतला. आई दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. मला वाटलं, आता बादली आपटेल. बादली जागेवरच राहिली. मी धुतलं, पाणी मारलं, घाम पुसून बाहेर आले. तिने आत डोकावून पाहिलं.

"कोपरा राही गया," ती म्हणाली.

मी परत आत गेले.